पोर्शे केमन 2.9 : आरसीवरचे साल आणि इंजिनाचे साल

जुनी गाडी विकणारा जेव्हा ‘दहाचे मॉडेल आहे’ असे सांगतो, तेव्हा तो 2010 हा आकडा कुठून आणतो हे विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही. स्विफ्ट किंवा बोलेरो घेताना त्यावाचून फारसे अडतही नाही, कारण कारखान्यातून निघालेली गाडी दोन-चार महिन्यांत रस्त्यावर येते आणि वर्ष बदलले तरी बहुधा सीटचे कापड नाहीतर पुढची जाळी तेवढी बदललेली असते. परदेशातून पूर्ण तयार होऊन आलेल्या स्पोर्ट्‌स कारची गोष्ट निराळी आहे. ती जहाजाने येते, गिऱ्हाईक मिळेपर्यंत शोरूममध्ये उभी राहते, आणि कधी कधी तिची नोंदणी होईपर्यंत तिच्या कारखान्यात त्याच नावाच्या गाडीला वेगळे इंजिन बसू लागलेले असते. मी 2022 साली 2.9 लिटर इंजिनाची जुनी पोर्शे केमन घेतली. तीन वर्षे आणि सुमारे चौदा हजार किलोमीटर वापरल्यानंतर तिच्याविषयी लिहीत आहे. गाडी चालवण्याच्या सुखाबद्दल कमी आणि ती कोणत्या वर्षाची घ्यावी याबद्दल अधिक लिहिणार आहे, कारण चुकीच्या वर्षाची गाडी घेतली तर त्या सुखाचा बराचसा भाग इंजिन उघडण्याच्या खर्चात जातो.

माझा नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत यंत्रभाग तयार करण्याचा छोटा कारखाना आहे. बेअरिंगची बैठक कशी कापावी, सिलिंडरला किती सूट द्यावी, यावर माझे पोट चालते. त्यामुळे एखाद्या इंजिनाची बदनामी ऐकली की नक्की कोणता भाग, कशामुळे आणि किती तासांनी जातो हे समजून घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही. पन्नाशीच्या आसपास दोन माणसांची, मधोमध इंजिन असलेली गाडी घ्यायची हे ठरले होते. नवी परवडणारी नव्हती. घरून परवानगी एका अटीवर मिळाली होती, ती म्हणजे गाडी मुंबईच्या गॅरेजमध्ये कमी आणि नाशिकमध्ये जास्त दिवस राहिली पाहिजे.

पहिली गाडी पाहिली ती दुसऱ्या शहरातल्या एका डीलरकडे. चांदीच्या रंगाची केमन एस, म्हणजे मोठ्या इंजिनाची केमन, आतले कातडे नव्यासारखे, किलोमीटर कमी, आणि काचेवर ‘2010’ असे मोठ्या अक्षरांत चिकटवलेले. मी आरसी मागितली. नोंदणीची तारीख जानेवारी 2010 होती हे खरे. परंतु उत्पादनाचा महिना होता ऑगस्ट 2008, आणि घनक्षमतेच्या, म्हणजे इंजिनाच्या सीसीच्या, रकान्यात आकडा होता 3387. डीलरला मी म्हणालो, ‘ही गाडी जुन्या इंजिनाची आहे.’ त्याने अगदी मनापासून उत्तर दिले, ‘साहेब, आरसीवर 2010 आहे, इन्शुरन्सही त्याच सालाने निघतो, मग जुनी कशी?’ तो खोटे बोलत होता असे मला आजही वाटत नाही. त्याला फरक ठाऊक नव्हता, आणि ठाऊक असायची त्याला गरजही नव्हती. पुढची दहा वर्षे ते इंजिन माझ्या दारात राहणार होते, त्याच्या नव्हे.

जमीन घेताना आपण सातबाऱ्यावरचा इतर हक्कांचा रकाना वाचल्याशिवाय इसार देत नाही. तेवढ्याच बारकाईने आरसी वाचली, तर या गाडीचे निम्मे कोडे एका पैशाच्या खर्चाशिवाय सुटते.

कोडे असे. केमन ही पोर्शेच्याच उघड्या बॉक्स्टरची पक्के छप्पर असलेली बहीण. दोघींची जी पिढी 987 या क्रमांकाने ओळखली जाते, तिच्यातली बॉक्स्टर 2004 च्या अखेरीस आणि केमन 2005 साली आली. ही पिढी 2012 पर्यंत चालली. बाहेरून पाहणाऱ्याला ती सलग एकच गाडी दिसते. प्रत्यक्षात नोव्हेंबर 2008 मध्ये लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात तिची सुधारित आवृत्ती मांडली गेली आणि 2009 च्या मॉडेलपासून तिचे इंजिन पूर्णपणे बदलले. आधीचे इंजिन एम 96/97 या घराण्यातले, नंतरचे 9ए1 या घराण्यातले. दोन्ही सहा सिलिंडरची, दोन्ही आडव्या मांडणीची, आवाजही साधारण एका जातीचा. पण आतली रचना पाहिली तर मेहुण्याचे नातेसुद्धा उरत नाही.

जुन्या इंजिनात क्रँकशाफ्टची गती कॅमशाफ्टपर्यंत पोहोचवण्यासाठी मध्ये एक स्वतंत्र शाफ्ट आहे, आणि त्याचे एक टोक एका सीलबंद बॉल बेअरिंगवर फिरते. जगभर ‘आयएमएस बेअरिंग’ या नावाने जी भीती पसरली ती हीच. आमच्या धंद्यात ज्याला सीलबंद बेअरिंग म्हणतात ते आयुष्यभर स्वतःच्या ग्रीसवर चालावे अशी अपेक्षा असते. येथे ते तापलेल्या इंजिन ऑइलच्या शेजारी बसते. कालांतराने सील कडक होते, आतले ग्रीस धुऊन जाते, आणि त्या जागी पुरेसे ताजे ऑइलही खेळत नाही. बॉल झिजले की शाफ्ट हलू लागतो, चेन दात सोडते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि संपूर्ण इंजिन भंगारात जाते. त्या बेअरिंगचे माप विहिरीवरच्या मोटारीत आपण बसवतो त्या 6204 क्रमांकाच्या बेअरिंगच्या घरातले होते हे वाचल्यावर मी काही वेळ गप्प बसलो होतो. अमेरिकेत या दोषावरून सामूहिक दावा झाला आणि 2013 मध्ये त्यात तडजोड झाली. ती 4 मे 2001 ते 21 फेब्रुवारी 2005 या काळात तयार झालेल्या गाड्यांपुरती होती. म्हणजे तेथेही मॉडेलचे साल पुरेसे मानले गेले नाही, तयार झाल्याच्या तारखेपर्यंत जावे लागले.

त्यानंतर कंपनीने मोठ्या मापाचे बेअरिंग बसवले आणि 2006 ते 2008 च्या गाड्यांत हा दोष फार कमी झाला. याच आधारावर काही विक्रेते ‘आता काळजी नाही’ असे सांगतात, आणि बेअरिंगपुरते ते बरेचसे खरे आहे. फक्त एक अडचण उरते. आधीचे छोटे बेअरिंग गिअरबॉक्स उतरवून बदलता येत होते. हे मोठे बेअरिंग इंजिनाचे दोन भाग वेगळे केल्याशिवाय बाहेर निघत नाही. शक्यता कमी, पण ओढवली तर खर्च पूर्ण. शिवाय 2005 सालच्या गाड्यांत दोन्ही प्रकार सापडतात, त्यामुळे त्या वर्षाच्या गाडीला मी दुरूनच नमस्कार करीन.

माझ्या दृष्टीने 2006 ते 2008 च्या 3.4 लिटर इंजिनाचा खरा दोष बेअरिंग हा नाहीच. तो सिलिंडरच्या भिंतीचा आहे. त्या ब्लॉकमध्ये लोखंडी लायनर नाही. ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉनचे कण गुंतवून भिंत कठीण केलेली आहे आणि पिस्टनच्या बाजूला लोहाचा पातळ लेप आहे. हा लेप झिजला की ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियम घासते आणि भिंतीवर उभे ओरखडे पडतात. सुरुवातीला ऑइल थोडे जास्त लागते, एका बाजूला टकटक ऐकू येते, एक्झॉस्टच्या टोकाशी काजळी साचते. मालक ऑइलची टॉपअप करत राहतो आणि एक दिवस गाडी विकायला काढतो. कमी क्षमतेच्या 2.7 लिटर इंजिनात हे प्रमाण बरेच कमी आढळते. म्हणून कोणाचे बजेट 2008 च्या पुढे जातच नसेल, तर त्याने एस या अक्षराच्या मोहात न पडता 2.7 पाहावी असे मी म्हणेन.

नव्या 9ए1 इंजिनात तो मधला शाफ्टच नाही. जो भाग नाही तो मोडत नाही, एवढे साधे कारण मला पुरेसे वाटले. ब्लॉकची धातूरचनाही बदललेली आहे. गिअरबॉक्समध्येही याच वेळी मोठा बदल झाला : पाच गतींच्या टिपट्रॉनिक या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या जागी दोन क्लचची, सात गतींची, आपोआप गिअर बदलणारी पीडीके आली, आणि हाताने गिअर टाकणाऱ्यांसाठी सगळ्या प्रकारांत सहा गती आल्या.

आता आरसीकडे परत येतो, कारण हे सारे ओळखण्याची किल्ली तेथेच आहे. घनक्षमतेच्या रकान्यात 2687 असेल तर जुने 2.7 इंजिन, 3179 असेल तर सुरुवातीच्या बॉक्स्टर एसचे 3.2; 3387, काही कागदांवर 3386, असेल तर जुने 3.4. या तिन्ही आकड्यांच्या गाड्या जुन्या घराण्यातल्या होत. 2893 किंवा 3436 असेल तर इंजिन नवे. जुने 3.4 आणि नवे 3.4 यांच्या जाहिरातीतल्या नावात काही फरक नाही, फरक आहे तो केवळ घनक्षमतेच्या शेवटच्या तीन आकड्यांत. परिवहनच्या ॲपवर गाडीचा क्रमांक टाकूनही बहुतेक वेळा एवढी माहिती मिळते. तरी मूळ कागद हातात घ्यावा. दुसरी खूण चेसिस क्रमांकाची. सतरा अक्षरांपैकी दहावे अक्षर मॉडेलचे साल सांगते : 8 म्हणजे 2008, 9 म्हणजे 2009, त्यानंतर ए म्हणजे 2010, बी 2011, सी 2012. माझ्या गाडीची नोंदणी फेब्रुवारी 2011 ची, उत्पादन ऑक्टोबर 2010 चे, आणि दहावे अक्षर बी. म्हणजे ती तयार झाली 2010 मध्ये, पण 2011 च्या मॉडेलची. अकरावे अक्षर कारखान्याचे. ते यू निघाले तेव्हा कळले की माझी ‘जर्मन’ गाडी फिनलंडमधल्या उसिकाउपुंकी या गावी जोडली गेली आहे. 1997 पासून 2011 पर्यंत पोर्शेने तेथे बॉक्स्टर आणि नंतर केमन बनवून घेतल्या. मित्रांनी यावरून माझी पुरेशी थट्टा केली आहे.

नजरेने ओळखायचे असेल तर मागचे दिवे पाहावेत. सुधारित आवृत्तीत ते एलईडीचे आहेत. मात्र दिवे आणि बंपर बदलून जुन्या गाडीला नवा चेहरा देणारे कसबी लोक आपल्याकडे कमी नाहीत, तेव्हा कागदाशी पडताळा घेतल्याशिवाय दिव्यांवर विश्वास ठेवू नये.

2009 नंतरच्या गाड्यांतही दोन वाटा फुटतात आणि येथे माझे मत बहुतेक हौशी लोकांच्या विरुद्ध आहे. 3436 सीसीच्या एस इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उच्च दाबाने फवारले जाते. केमन एसला त्यातून 320 पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) मिळतात. 2893 सीसीच्या साध्या केमनमध्ये जुन्या पद्धतीने इनटेकच्या वाटेत फवारा होतो आणि ताकद 265 पीएस आहे. थेट फवाऱ्याच्या गाडीला उच्च दाबाचा पंप लागतो, जो सुरुवातीच्या काही गाड्यांत त्रास देत असे. शिवाय इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नसल्यामुळे त्यांच्यावर काजळी धरते. 2.9 मध्ये हे दोन्ही प्रश्न उद्भवत नाहीत. शून्यापासून शंभराचा वेग गाठायला कंपनीच्या आकड्यांनुसार हाताने गिअर टाकायच्या 2.9 ला 5.8 सेकंद लागतात. गंगापूर रोडवर किंवा कसारा घाटात याहून कमी सेकंदांची मला आजवर गरज पडलेली नाही, आणि ज्यांना पडते त्यांच्या शेजारी बसण्याची माझी तयारी नाही.

साल आणि इंजिन ठरले की प्रश्न उरतो त्या विशिष्ट गाडीचा. चांगल्या वर्षाची वाईट रीतीने वापरलेली गाडी ही काही विरळ वस्तू नव्हे. मी जी गाडी शेवटी घेतली ती मुंबईत नोंदलेली, दुसऱ्या मालकाकडची. इसार देण्यापूर्वी तिची तपासणी करून घेतली आणि तिच्यासाठी पैसे मोजले. हा खर्च मी गाडीच्या किमतीचाच भाग समजतो. आदल्या रात्रीपासून गाडी चालू करू नका असे मालकाला सांगून सकाळी सातला पोहोचलो, कारण गार इंजिन जे बोलते ते तापलेले इंजिन लपवते. सुरू होताना चेनचा खडखडाट नाही, निळा धूर नाही, दोन मिनिटांनी आवाज एकसारखा. त्यानंतर स्कॅनर लावून इंजिनाच्या संगणकातले चालू तास काढले. यात एक सोपा हिशेब आहे : मीटरवरचे किलोमीटर भागिले तास, म्हणजे गाडीचा आयुष्यभराचा सरासरी वेग. मुंबईत फिरलेल्या माझ्या गाडीचा तो तासाला 29 किलोमीटर आला, जो पटण्यासारखा आहे. याआधी पाहिलेल्या एका गाडीचा हाच आकडा 11 आला होता. एवढ्या संथपणे गोदाघाटावरची कुंभमेळ्याची मिरवणूकही जात नसेल. मीटर मागे फिरवला आहे हे उघड होते आणि तेथून आम्ही चहा न घेता निघालो.

त्याच संगणकात इंजिन ठरलेल्या मर्यादेपलीकडे किती वेळा आणि केव्हा फिरले याची नोंद सहा टप्प्यांत असते. हाताने गिअर टाकायच्या गाडीत ही नोंद फार महत्त्वाची, कारण पाचव्याऐवजी चुकून तिसरा गिअर पडला तर कोणताही रेव्ह लिमिटर, म्हणजे इंजिनाचे फेरे मर्यादेत ठेवणारी यंत्रणा, इंजिनाला वाचवू शकत नाही. वरच्या टप्प्यांत अलीकडच्या तासांची नोंद दिसली तर गाडी सोडून द्यावी. माझी पीडीके असल्यामुळे ही धास्ती नव्हती, पण पीडीकेची स्वतःची एक धास्ती आहे : गिअरबॉक्सच्या आत स्थिती मोजणारा एक सेन्सर असतो, तो बिघडला की गाडी काही गिअर नाकारते, आणि पुष्कळ वर्षे यावर कंपनीचा उपाय संपूर्ण गिअरबॉक्स बदलण्याचाच होता. स्वतंत्र कारागिरांनी आता केवळ सेन्सर बदलण्याची पद्धत बसवली आहे. तरीही रिव्हर्स आणि पहिला गिअर दहा-बारा वेळा आलटून पालटून टाकून पाहावा. झटका किंवा विलंब जाणवला तर बोलणी तेथेच थांबवावीत. जुन्या 3.4 ची गाडी पाहणाऱ्याने याशिवाय बोअरस्कोप, म्हणजे बारीक नळीच्या टोकाला बसवलेला कॅमेरा, सिलिंडरमध्ये घालून भिंती पाहिल्याच पाहिजेत. विकणारा त्याला नकार देत असेल तर तो नकार हेच उत्तर समजावे.

टायरचा आणखी एक मुद्दा. कमी चाललेल्या गाडीचे टायर चांगले दिसतात आणि म्हातारे असतात. कडेवरच्या चार आकड्यांत आठवडा आणि साल असते. माझ्या गाडीवर 1214 होते, म्हणजे 2014 चा बारावा आठवडा. नक्षी भरपूर, रबर दगडासारखे. चारही टायर बदलण्याची रक्कम किमतीतून वजा करून घेतली.

कागदपत्रांत आपल्याकडची एक खास मेख आहे आणि तिचाही संबंध सालाशीच आहे. दिल्लीत पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर आलेल्या निर्बंधांमुळे तिकडच्या बारा-चौदा वर्षांच्या गाड्या मोहात पाडणाऱ्या किमतीत विकायला येतात, आणि नाशिकमध्ये अशा गाड्या आणून देणारे एजंट आहेत. तेथली एनओसी आणून इकडे नोंद करताना महाराष्ट्राचा रस्ता कर नव्याने भरावा लागतो, आणि आयात गाडीवर तो थोडाथोडका नसतो. तो मिळवला की स्वस्ताई बरीचशी विरघळते. महाराष्ट्रातच नोंदलेली गाडी घेतल्याने माझा हा खर्च वाचला. दुसरा भाग नूतनीकरणाचा. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. त्यानंतर आरटीओत गाडी दाखवून ती पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. एप्रिल 2022 पासून साध्या चारचाकीसाठी हे शुल्क 5000 रुपये आणि आयात केलेल्या चारचाकीसाठी 40000 रुपये झाले आहे, आणि पर्यावरण कर त्यावर वेगळा. म्हणजे 2009 ची आणि 2012 ची गाडी यांत किमतीची तुलना करताना कोणाची मुदत केव्हा संपते हेही पाहावे. चांगली 2009 असेल तर मी याच कारणासाठी ती सोडणार नाही, पण घासाघीस मात्र जरूर करीन.

इतर गाड्याही पाहिल्या होत्या, त्यांच्याविषयी थोडक्यात. ऑडी टीटीच्या दुसऱ्या पिढीतल्या सुरुवातीच्या 2.0 टीएफएसआय इंजिनांत कॅमशाफ्ट आणि इंधनपंप यांच्यामध्ये वाटीच्या घाटाचा एक छोटा भाग असतो, तो झिजला की पंप आणि कॅम दोन्ही जातात. वेळोवेळी बदलला असल्याचे बिल असेल तरच ती गाडी घ्यावी. बीएमडब्ल्यू झेड4 35आय हिच्या दोन टर्बोच्या इंजिनाचा इंधनपंप इतका कुप्रसिद्ध होता की 2010 मध्ये अमेरिकेत त्या इंजिनाच्या गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. पंप बदललेला असेल तर गाडी सुंदर आहे. केमनचीच पुढची पिढी, 981, मला सगळ्यांत निर्धोक वाटली. हिच्यातही मधला शाफ्ट नाही, बांधणी अधिक ताठ आहे, आणि खिशात तेवढे पैसे असते तर मी 2013 ते 2015 ची 2706 सीसीची गाडी घेतली असती. फक्त तिचे स्टिअरिंग विजेवर चालते. माझ्या गाडीचे हायड्रॉलिक स्टिअरिंग रस्त्याची खडी हातात आणून देते, तेवढे तिच्यात जाणवत नाही. 2016 नंतरची साधी 718 चार सिलिंडरची टर्बो आहे. ताकद भरपूर, 300 पीएस. पण आवाज ऐकून माझ्या मुलाने ‘बाबा, एवढ्या पैशांत हा आवाज?’ असे विचारले आणि विषय संपला.

नाशिकमध्ये तीन वर्षे ठेवल्यावर लक्षात आलेल्या काही गोष्टी. या गाडीचे रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन टोकांना आहेत आणि समोरच्या मोठ्या फटींतून झाडांची वाळलेली पाने आत जाऊन साचतात. पावसाळ्यात त्यांचा चिखल होतो, ओल धरते आणि एसीचे कंडेन्सर गंजते. आमच्या कॉलनीत गुलमोहर आहेत. मी दिवाळीपूर्वी बंपर उतरवून सफाई करून घेतो आणि दर वेळी घमेलेभर पाला निघतो. बॉक्स्टर घेणाऱ्याने याच्या जोडीला छपराच्या निचऱ्याच्या नळ्या पाहाव्यात, कारण त्या तुंबल्या की पाणी आत उतरते आणि इगतपुरीच्या बाजूचा पाऊस काय असतो हे सांगायला नको. इंजिन मधोमध आणि झाकलेले असल्यामुळे रोज उघडून पाहण्याची सोय नाही. ऑइल मोजायची दांडीसुद्धा नाही, पातळी मीटरच्या पडद्यावर दिसते. अशा बंद, उबदार जागेवर उंदरांचे फार प्रेम असते. पहिल्याच हिवाळ्यात एक वायर कुरतडली गेली, त्यासाठी मी गाडीच्या सालाला जबाबदार धरत नाही.

पेट्रोल ही नवी चिंता आहे. ही गाडी दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल गृहीत धरून बनवलेली आहे आणि आता पंपावर वीस टक्क्यांचे मिळते. ते इथेनॉल आपल्याच जिल्ह्यातल्या नाहीतर शेजारच्या नगरच्या उसाचे असेल, पण रबराच्या नळीला त्याचे कौतुक नसते. मी टाकी भरून महिना महिना उभी ठेवत नाही, आठवड्याला एकदा निदान गिरणाऱ्यापर्यंत जाऊन येतो, आणि यंदा इंधनाच्या नळ्या व सील तपासून घेतली. शहरात लिटरला आठ-नऊ आणि महामार्गावर बारापर्यंत किलोमीटर मिळतात. इगतपुरीपासून आमणेपर्यंतचा समृद्धीचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाल्यापासून सर्व्हिससाठी मुंबईला जाण्याचा कंटाळा येत नाही. एकशेवीसच्या मर्यादेत सातव्या गिअरवर हे इंजिन इतके निवांत चालते की शेजारचा माणूस झोपतो. कॉलेज रोडवरचे गतिरोधक तिरपे घ्यावे लागतात. पुढच्या ओठाला दोन ओरखडे आहेत, दोन्ही माझेच.

तीन वर्षांत इंजिन आणि गिअरबॉक्स यांवर नेहमीच्या ऑइल, फिल्टर व प्लगपलीकडे खर्च झालेला नाही. एक इग्निशन कॉइल, एक बॅटरी, वायर, आणि पुढचे ब्रेक पॅड एवढेच सुटे भाग लागले. सुटे भाग मागवल्यावर आठ-दहा दिवस थांबावे लागते, हा एक जाच आहे आणि तो कोणत्याही सालाच्या गाडीला चुकणार नाही. गाडीच्या किमतीचा दहावा हिस्सा मी पहिल्याच दिवशी वेगळ्या खात्यात ठेवला होता. त्यातला निम्म्याहून अधिक अजून शिल्लक आहे.

त्या शिल्लक पैशांतले 40000 रुपये आणि पर्यावरण कर आता जाणार आहेत, कारण फेब्रुवारी 2026 मध्ये माझ्या आरसीला पंधरा वर्षे पूर्ण होत आहेत. पेठ रोडच्या आरटीओत गाडी दाखवायला नेईन तेव्हा तेथले साहेब घनक्षमतेचा रकाना तपासतील आणि 2893 वाचून पुढे जातील.